सी-सात

अमरावतीला, कॉलेजच्या टेस्टिंग हॉलमध्ये
मी दोन खांब मरताना पाहिलेत.

पहिला साधा. वीसचा माल, रिंगा दाट.
जॅकनं डावीकडे रेटलं, उजवीकडे रेटलं,
तो कुरकुरला, अंगभर चिरा काढल्या,
पापुद्रे टाकले, वाकडा झाला
आणि सासुरवाडीत रुसलेल्या जावयासारखा
निघतो, निघतो म्हणत जागचा हलेना.
आम्ही जेवून आलो तरी उभाच.

दुसरा ऐंशीचा. आत साडेपाचशेची सळई.
टिचकी मारली तर तांब्याच्या घागरीसारखा नाद.
रिंगा लांब लांब,
एवढ्या ताकदीला कशाला, म्हणून.
तो काही बोलला नाही.
आकडा चढत गेला, आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात,
आणि एकच आवाज.
माझ्या चष्म्यावर धूळ,
सरांच्या चहात खडी.

आता मी बोरजईत आहे, पैनगंगेच्या अलीकडे,
आरोग्य उपकेंद्राचे बारा खांब माझ्या सहीत.
ठेकेदारानं भारी माल आणला, भारी सळई आणली,
बिलं दाखवली, म्हणाला, मॅडम,
आता रिंगा नऊ इंचांवर टाकू,
लोखंड वाचंल, पोरीच्या लग्नाला गाडी होईल.
मी कोड काढलं. त्याला चष्मा सापडेना.

शालिक गेडाम सळई बांधत होता.
दहा हंगाम दिग्रसच्या प्रेसवर काढलेला माणूस.
तारेला पीळ देत, वर न बघता म्हणाला,
"कापूस कित्ती नरम अस्ते, म्याडम.
पन प्रेसमंधी दाबला का थो बी गोटा होते.
गठाणीची पट्टी तुटली एकडाव,
अन् थ्या नरम कापसानं
आमच्या देवमनची बरगडी मोडली.
जितका दाब जास्त, तितक्या पट्ट्या जोळ पायजे."
मग रिंगेचं टोक आत वळवलं,
काटकोनाच्याही पुढे, पोटापर्यंत,
चार बोटं मोजून दुसरी चढवली.

दोन वर्षं मी जे शिकले
ते एवढंच होतं.

अकरा खांब असे झाले.
सी-सात भरला तेव्हा शालिक डेंग्यूनं पुसदला,
मी यवतमाळला, मीटिंगमध्ये.
परतलो तर सेंटरिंग खोललेलं,
खांब गुळगुळीत, बाराही जणांत देखणा.

मंगळवारी पहाटे भांडी वाजली.
जमिनीखालून कुणी रिकामी ट्रॉली ओढत नेली जणू.
पंधरा सेकंद. शेळ्या आधीच उठलेल्या.
अख्खं गाव डांबरी रस्त्यावर, चादरी, पोरं, टॉर्च,
आणि मला एकच आठवलं.

अंधारात गेले. अकरा खांबांना हात लावला नाही.
सी-सातवर तळवा ठेवला:
गार. एक केसाइतकी चीर नाही.
हातोडीनं ठोकला, नाद घागरीसारखा.
त्या नादाचा मला भरवसा नाही.

सरपंच मंदाताई म्हणाल्या,
नवी इमारत फोडता, लोक काय म्हणतील?
मी म्हटलं, म्हणू द्या, निदान कुणीतरी बोलेल.
ठेकेदाराचा फोन लागत नाही.
नोंदवहीत मी लिहिलं: सी-सात, मी पाहिलेला नाही.
खाली सही केली. सही जरा तिरकी आली.

आज शालिक आलाय, अजून अशक्त,
छिन्नी मात्र स्वतःच धरून.
कव्हर सुटत नाही, माल खरंच भारी आहे.
वीतभर उघडलं.
एक रिंग. टोक आत वळलेलं.
मी बोटं लावली, चार.
दुसरी रिंग.
त्यानं घाम पुसला, पाणी मागितलं.
मी खाली बोटं लावते,
एक, दोन, तीन, चार,
चौथ्याखाली अजून सिमेंट आहे.